कॅबिनेटच्या फटी

३ तारीख, सोमवार

रिटायर झाल्यावर वही आणली ती हिशोबाला नाही. इतकी वर्षं लसींच्या स्टोअरला होते, सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान लिहायची सवय हाताला लागलेली. आता लिहायला फ्रीज नाही, म्हणून घरातलं लिहिते. घरातलं तापमान सध्या बरं आहे.

पुढची खोली सूनबाईने घेतली. आधी तिथे सोफा होता, आता लांबच्या लांब टेबल, त्यावर दिवा, स्क्रू, वायरी. नोकरी सोडून तिने गेम खेळायचे कॉम्प्युटर जुळवायचा धंदा काढला आहे. मुलगा माझा घुमा, त्याला विचारलं तर म्हणाला, करू दे की. एवढ्यावर त्याचं मत संपलं. तिच्या ऑफिसातल्या बाईंनी मात्र महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवली आहे. जमलं नाही तर परत ये म्हणाल्या. सूनबाई तिकडे गेली की सकाळी मुलगा, सूनबाई, आमची नात चिमणी, सगळे आपापल्या वाटेने जाणार आणि घरात मी एकटी. मला काय, मला शांतता आवडतेच. शांतता असली की वाचन होतं. हे मी मागच्या महिन्यापासून म्हणते आहे आणि पुस्तक अजून पान बारावर आहे.

४ तारीख, मंगळवार

आज तिने हाक मारली, आई, जरा हे धरता का. धरलं. बोटाएवढी हिरवी पट्टी होती. ही म्हणे एसएसडी, सगळे गेम हिच्यात राहतात. पूर्वी तो जाड डबा असे, आत काहीतरी गरगरायचं, तो लांब कुठेतरी कोपऱ्यात बसवायचे. ही मात्र थेट बोर्डावर आडवी बसते आणि तीही नेमकी पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पाठीला चिकटून. घरात सगळ्यात तापट माणूस असतो ना, त्याच्या शेजारी बिछाना घातल्यासारखं. वर ही स्वतःही तापते. मोठा गेम उघडला, किंवा खेळता खेळता त्याचं चित्रण साठवायला लावलं, की हात लावू नये इतकी. ऐंशी अंशांच्या पुढे गेली की आपणहून हळू होते, जळायला नको म्हणून.

मला ही वस्तू आवडली. दमल्यावर सांगून बसणारं आमच्या खात्यात कोणी नव्हतं.

७ तारीख, शुक्रवार

गेमिंग पार्लरवाला येऊन गेला. पोरं त्याला कॅप्टन म्हणतात, आता आपणही तेच म्हणू. पोट सुटलेलं, आवाज हळू, चहा बशीत ओतून पिणारा माणूस. त्याला सगळ्या जागांना नवे कॉम्प्युटर हवेत, पण आधी थोडे देऊन दाखवा म्हणाला. बावीस तारखेला त्याच्याकडे स्पर्धा आहे, दिवसभर खेळ चालणार, प्रत्येक खेळाचं चित्रण होणार. त्या दिवशी टिकले तर बाकीचे सगळे हिच्याकडूनच घेणार. सूनबाईने मान डोलावली आणि तो गेल्यावर टेबलाला धरून उभी राहिली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, आई, हे जमलं तर मी ऑफिसात नाही जाणार.

मी देवाला मनातल्या मनात सांगून ठेवलं, आणि मी काही रोज त्याला त्रास देणारी नाही.

८ तारीख, शनिवार

आज मी आपण होऊन काम केलं. लिहिते सविस्तर.

सूनबाई सामान आणायला गेली होती. टेबलावर पहिला तयार कॉम्प्युटर. वाकून पाहिलं तर कॅबिनेटला नुसत्या फटी! तळाला जाळी, बाजूला जाळी, कडेला बोट जाईल एवढी सांद. कपाळाला हात लावला. आमच्या कोल्ड रूमच्या दाराचं रबर एवढंसं सुटलं तरी मी मेकॅनिकला बसू देत नसे. थंडावा म्हणजे कष्टाने मिळवलेली गोष्ट, ती अशी सांडू द्यायची? पुढून पंखे हवा आत ढकलतात, मागून बाहेर काढतात, मग हवेने सरळ रस्त्याने जावं. वाटेत खिडक्या कशाला?

खिडकीच्या फटींना लावायची फोमची चिकटपट्टी घरात होतीच. कात्री घेतली, माप घेतलं, तळ आणि बाजू छान बंद केल्या. कोपरे पंचेचाळीस अंशात कापले. कामात इतकी रमले की चहा गार झाला.

सूनबाई आली, बघतच राहिली. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, छान दिसतंय, आई. मी म्हटलं, दिसण्याचं सोड, माप. तिने गेम लावला, पडद्यावर आकडे आले. प्रोसेसर आधीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने खाली आणखी कसला तरी आकडा पाहिला आणि पडद्यावरची ती खिडकी पटकन मिटवली. म्हटलं काय होतं ते? म्हणाली, काही नाही, ते तसंच असतं.

११ तारीख, मंगळवार

पहिले कॉम्प्युटर कॅप्टनकडे गेले. मी बरोबर येते म्हटलं तर सूनबाई म्हणाली, नको आई, गाडीत जागा नाही, तुमची कंबर. माझ्या कंबरेची काळजी हिला एकदम कुठून आली कोण जाणे.

परत आली तेव्हा खूश होती. सगळे मस्त चालले, दुपारभर कुठे अडकले नाहीत, कॅप्टन कानाला हेडफोन लावून स्वतः खेळून बघत होता म्हणे. मी विचारलं, आणि माझ्या पट्ट्या? तर म्हणाली, हो, त्या पण. संध्याकाळी मुलाला मी सगळी तत्त्वं समजावून सांगितली. तो हूं हूं करत जेवला. सूनबाई ताटाकडे बघत होती.

१४ तारीख, शुक्रवार

आता आमची कामाची वाटणी ठरली आहे. ती जुळवते, मी पट्ट्या लावते. चिमणी शाळेतून आली की वायरी रंगांप्रमाणे लावून देते. माझा हात बसला आहे, एक कॅबिनेट बंद करायला आता चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

एक गोष्ट समजली नाही. सूनबाईच्या मोठ्या पिशवीत फोमचे चुरगळलेले तुकडे सापडले, गोंद लागलेले, एकमेकांना चिकटून गोळा झालेले. चिमणीची कलाकुसर असणार. तिला रागावले, वाया घालवू नये म्हणून. तिने आईकडे पाहिलं आणि सूनबाई म्हणाली, असू दे आई, मी बोलते तिच्याशी.

१७ तारीख, सोमवार

सूनबाई घरातल्या चाचणीच्या कॉम्प्युटरला एसएसडीवरची उष्णता ओढून घेणारी धातूची टोपी बदलून जाड बसवत होती. म्हटलं, चांगला चालतोय ना, मग? म्हणाली, थोडी गरम होते आई. मी म्हटलं, मग अजून कुठेतरी फट राहिली असणार. हाताने चाचपत गेले तर मागे एक बारीक भोक सापडलंच. बुजवलं. तिने डोळे मिटून घेतले, दमते बिचारी.

२० तारीख, गुरुवार

ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता. उद्या येऊन भेट, फक्त बोलू, म्हणाल्या. सूनबाई म्हणते, नाही म्हणता आलं नाही, जाऊन येते. हिला कोणाला नाही म्हणता येत नाही, हा हिचा जुना दोष आहे.

ऑफिसातली माणसं गोड बोलून नेतात. मी स्वतःला खोटं किती दिवस सांगू? मला ती पुढची खोली हवी आहे. स्क्रूचा आवाज हवा आहे. सकाळी उठल्यावर करायला काही हवं आहे. शांतता मला आवडत नाही, अजिबात नाही.

२१ तारीख, शुक्रवार

सूनबाई ऑफिसात भेटायला गेली तसा मी ठरवून टाकला बेत. उद्या स्पर्धा. एकदा सगळं तपासून आलेलं बरं. चालत पार्लरला गेले. कॅप्टनने ओळखलं, खुर्ची दिली. तुमच्या सूनबाई सांगत होत्या, घरी थंडाव्याचं सगळं आई बघतात म्हणून, असं म्हणाला. ऐकून बरं वाटलं.

पण वाकून बघते तर काय! एकाही कॉम्प्युटरला पट्टी नाही. सगळ्याच्या सगळ्या गळून पडलेल्या, गोंदाचे डाग तेवढे शिल्लक. चिकटपट्टीवाल्याने फसवलं, दुसरं काय. गरम झाल्यावर गोंद सुटला असणार. सूनबाईच्या हे लक्षात कसं आलं नाही? की आलं आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही? असो. कॅप्टनला म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगली पट्टी आणली, डाग स्पिरिटने पुसले, आणि बसून एकेक कॅबिनेट बंद केलं. या वेळी अशा दाबून बसवल्या की नख लावून निघायच्या नाहीत.

घरी येऊन काही सांगितलं नाही. उद्या जिंकू तेव्हा सांगेन.

सूनबाई ऑफिसातून आली ती थेट टेबलाशी जाऊन स्क्रू निवडत बसली. बाई म्हणे फार चांगल्या बोलल्या.

२२ तारीख, शनिवार

काय लिहू.

सकाळ बरी गेली. दुपारी कॅप्टनचा फोन, लगेच या. मीही गेले. पार्लर माणसांनी भरलेलं. खेळणारे वैतागलेले, खेळातलं मैदान उघडायला वेळ लागतोय, चित्र मध्येच थिजतंय, चित्रण तुटतंय. एक नाही, सगळ्या कॉम्प्युटरवर. कोणी आरडाओरड केली नाही, पण कॅप्टन ज्या हळू आवाजात बोलत होता त्यापेक्षा तो ओरडला असता तर परवडलं असतं.

सूनबाई गुडघ्यावर बसली, टेबलाखाली वाकली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही मागते आहे, मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. तिने तो घेतला, सगळ्या कॅबिनेटची एकेक बाजू उघडून ठेवली. थोड्या वेळाने खेळ सुरळीत झाला आणि संध्याकाळपर्यंत तसाच चालला.

कॅप्टनने विचारलं, ह्या पट्ट्या कसल्या? सूनबाई म्हणाली, मी लावायला सांगितल्या होत्या. हवेचा अंदाज माझाच चुकला.

पट्ट्या माझ्या, आणि म्हणते मी सांगितल्या! पण चारचौघात बोलायची ती वेळ नव्हती. कॅप्टन म्हणाला, रचनेतच चूक असेल तर बाकीचे मी तुमच्याकडून कसे घेऊ, तुम्हीच सांगा. तिने फक्त मान हलवली.

येताना मी समजूत घातली. म्हटलं, तुझी काही चूक नाही, त्या एसएसडीच हलक्या निघाल्या, परत कर त्या. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, सोमवारी ऑफिसात फोन करते, आई.

२३ तारीख, रविवार

निरोप समारंभात स्टोअरच्या लोकांनी मला तापमापक दिला होता, वायरीच्या टोकाला बारीक सुई असलेला. कपाटात पडून होता. म्हटलं, एसएसडी हलकी आहे हे आकड्यानिशी सिद्ध करते आणि दुकानदाराच्या तोंडावर मारते. सूनबाई आणि मुलगा चिमणीला घेऊन बाहेर गेले होते. घरातला कॉम्प्युटर लावला, त्या एसएसडीशेजारी सुई खोचली, गेम सुरू करून चित्रणही लावलं. हे आता मला येतं.

आकडा चढत गेला. ऐंशीच्या आसपास चित्र थिजलं, कालच्यासारखंच. म्हटलं, सापडलीस! सुई नीट बसली आहे का बघायला बाजू उघडली. आकडा उतरू लागला. बाजू लावली, चढला. मग मनात नको ते आलं. तळाची पट्टी ओढून काढली, बाजू बंदच ठेवली. उतरला. पुन्हा पट्टी लावली. चढला.

एका नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही हे मीच सगळ्यांना शिकवत आले, म्हणून परत केलं, आणि परत केलं. प्रत्येक वेळी तेच.

मग बसले खाली. साधी गोष्ट होती. फ्रीजमध्ये थंड वस्तू ठेवतात, म्हणून दार घट्ट लावायचं. इथे आत शेगड्या पेटलेल्या. ते कार्ड तळातून ताजी हवा ओढतं. मी तळ बुजवला तर ते आपलीच गरम हवा फिरवत बसतं आणि त्याच्या पाठीची ती बोटभर एसएसडी त्यात शिजते. प्रोसेसर पुढच्या पंख्यांच्या वाटेत, त्याला सुख. मी त्याचाच आकडा बघून नाचले.

आणि गोंद सुटला नव्हता. तिने काढल्या होत्या, दर वेळी, तिथे पोचल्यावर. पिशवीतला गोळा चिमणीचा नव्हता. नातीला उगाच रागावले. हे सगळं एकदम कळलं आणि मला लाज वाटली, त्याहून जास्त राग आला. माझा आला की तिचा, ते ठरवता येईना.

ती आली. स्वयंपाकघरात गाठलं. मी सुटी केलेली पट्टी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

तिने पट्टी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तुम्ही ती कापताना गुणगुणत होतात, आई. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा. मला नाही सांगवलं."

मी गुणगुणते हे मला माहीतही नव्हतं. डोळे भरून आले, पण तशीच बोलले. म्हटलं, "आमच्या फ्रीजला भोंगा होता. दार नीट लागलं नाही की वाजायचा, मी असले तरी वाजायचा. त्याने कधी माझं मन राखलं नाही, म्हणून लसी टिकल्या. माझं गुणगुणणं राखायला तू दुकान घालवायला निघालीस?"

तिलाही रडू आलं. मग दोघींनी मिळून चहा केला. मुलगा दारात आला, आमच्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. त्याच्या घुमेपणाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

२४ तारीख, सोमवार

सूनबाईला म्हटलं, ऑफिसात फोन दुपारनंतर कर. आणि एकटीच कॅप्टनकडे गेले. जायचं जिवावर आलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहून वर पाठवल्या, स्वतःची सांगायला जायची वेळ आली नव्हती. पण परवा तिने खोटं बोलून चूक आपल्या रचनेवर घेतली होती आणि तेवढ्यानेच धंदा बुडत होता.

सगळं सांगितलं. पट्ट्या कोणी लावल्या, तिने कशा काढल्या, स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी येऊन परत कशा चिकटवल्या. रचना पहिल्यापासून बरोबर होती, हवेचे रस्ते मी बंद केले. कॅप्टन ऐकत होता, चहा बशीत तसाच. शेवटी म्हणाला, "म्हणजे शुक्रवारपर्यंत चालत होते ते पट्ट्यांशिवाय?" मी हो म्हटलं. तो उठला आणि एका कॉम्प्युटरखाली वाकून तळाची पट्टी ओढायला लागला. निघेना. मी फारच दाबून बसवल्या होत्या. मग मी शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी सगळ्या खरवडून काढल्या.

आठवडाभर चालवून बघतो, एवढंच म्हणाला. तोवर ऑफिसातली खुर्ची आहे, हे सूनबाईला सांगितलं. तिने फोन केला नाही.

२७ तारीख, गुरुवार

पार्लरमधून निरोप नाही. मी फोनजवळच बसते. पुस्तक पान चौदावर.

२९ तारीख, शनिवार

कॅप्टन आला. रोज चित्रण लावून खेळवलं, कुठे अडकलं नाही म्हणाला. बाकीचे सगळे कॉम्प्युटर आमच्याकडूनच. जाताना मला म्हणाला, तुम्ही फक्त माझ्याकडे चिकटपट्टी घेऊन येऊ नका. मी म्हटलं, येणार नाही.

तो गेल्यावर सूनबाईने ऑफिसात फोन लावला. बाई पुन्हा फार चांगल्या बोलल्या असाव्यात, कारण तिला तेच तेच तीनदा सांगावं लागलं. पण नाही म्हणाली. मी आतून ऐकत होते.

मुलगा म्हणाला, बरं झालं. त्याच्या मानाने हे भाषणच.

३१ तारीख, सोमवार

नव्या कामाला सुरुवात. पंखे बसवायचं काम मला दिलं आहे. सकाळी पहिल्या कॅबिनेटचे सगळे बसवले, स्क्रू घट्ट केले, पुसून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

सूनबाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, मागचा उलटा बसलाय. काढा, परत लावा."

‘छान दिसतंय’ नाही, ‘चालेल’ नाही, ‘तुमची कंबर’ नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बाण बघूनच लावलाय. तिने पंखा सुरू करून समोर कागदाचा कपटा धरला. हवा आत येत होती. बाण मी बघितला होता, पण उलट्या बाजूने. गाल फुगवून स्क्रू काढले. चिमणी हसत होती, तिलाही कोणी गप्प केलं नाही.

रिटायर झाल्यापासून घरात सगळे माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होते. मीही पाहुण्यासारखीच राहत होते, हे आज पंखा सरळ करताना कळलं.

दिवा मालवताना तिला विचारलं, उद्या कितीला सुरू करायचं?

ती हातातल्या वायरीवरून नजर न काढता म्हणाली, नऊला, आणि उशीर करू नका.